मदत हवी आहे: जागलीवरच्या छोट्या प्लेअरवर मराठी सबटायटल दिसत नाहीत

नमस्कार मंडळी. आमचं गाव झरी-जामणी तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला. पलीकडे तेलंगणा. हरभरा घाट्यावर आला की बाबा रोज रात्री जागलीला, म्हणजे पीक राखायला, जातात, नाहीतर रोही (नीलगायी) आणि रानडुकरं सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवत नाहीत. मचाणावर वेळ जावा म्हणून नागपूरच्या सीताबर्डीवरून एक जुना बटणांचा व्हिडिओ प्लेअर आणला. बाबांना तेलुगू सिनेमे आवडतात, पण भाषा कळत नाही आणि एक कान अधू आहे. वहिनी आदिलाबादकडची. ती भाकरी थापता थापता अर्थ सांगते, मी मराठीत टाइप करतो. एका सिनेमाला आठ-दहा दिवस जातात.

संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅममध्ये सबटायटल छान दिसतात. पण सिनेमाची एमकेव्ही प्रकारची फाइल हा छोटा प्लेअर उघडतच नाही. हँडब्रेक या फाइलचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमने एमपी-४ केलं, तेही नाही. खोक्यावर एव्हीआय, एक्सव्हिड, एमपी-३ आणि ४८० गुणिले २७२ एवढंच लिहिलं आहे. एका जुन्या कन्व्हर्टरने एव्हीआय झालं आणि चाललं, पण ‘दिवस’मधली वेलांटी द च्या मागे, म्हणजे उजवीकडे, जाऊन बसते. दुसऱ्या सिनेमात तर नुसती प्रश्नचिन्हं. विंडोज ७ आहे. काय चुकतंय?

वणीकर: तुमच्या प्लेअरला वेगळी सबटायटल फाइल वाचता येत नसणार. अक्षरं चित्रातच पक्की बसवावी लागतील, म्हणजे हार्डसब. हँडब्रेक त्यासाठी चांगलं, पण २००९ पासून त्यातून एव्हीआय निघत नाही. अॅव्हिडेमक्स हा व्हिडिओचा प्रोग्रॅम घ्या, फुकट आहे. व्हिडिओला एमपेग-४ (एक्सव्हिड), ऑडिओला एमपी-३, खाली मक्सर (चित्र आणि आवाज एका फाइलीत बांधणारा) एव्हीआय. फिल्टरमध्ये आकार ४८० गुणिले २७२ आणि सबटायटलचा फिल्टर.

कपाशीवाला: प्रश्नचिन्हांचं मी सांगतो. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, ‘एएनएसआय’ राहिलं; त्यात मराठी बसत नाही. विंडोज ७ मध्ये तेच आपोआप असते. फाइल बंद केली असेल तर अक्षरं गेली समजा, प्रश्नचिन्हातून मराठी परत निघत नाही. वहिनीला पुन्हा बसवा बावा. यापुढे तिथे यूटीएफ-८ निवडा, त्यात मराठी टिकते.

वेलांटी मागे जाते कारण त्या जुन्या कन्व्हर्टरला जोडाक्षरं आणि काने-मात्रे जुळवणं येत नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते.

धागाकर्ता: आता काऊन सांगता राजेहो! प्रश्नचिन्हंवाला तीन तासांचा सिनेमा होता. वहिनीला सांगायची हिंमत होत नाही. वेलांटीवाला पहिला सिनेमा अॅव्हिडेमक्समधून काढला. वेलांटी जागेवर आली, पण अक्षरं एवढी बारीक की मलाही वाचता येत नाहीत, बाबांचं तर सोडाच.

सीताफळ: साहजिक आहे. १०८० ओळींचं चित्र २७२ वर आलं म्हणजे चौपट लहान झालं. मूळ चित्रात ४८ ठिपके उंच दिसणारं अक्षर इथे १२ ठिपक्यांत कोंबलं जातं. इंग्रजी तेवढ्यात निभावते. आपल्याकडे वर मात्रा, मध्ये शिरोरेघ, खाली उकार, सगळ्यांना जागा लागते. तुमची सबटायटलची साधी एसआरटी फाइल ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये उघडून एएसएस म्हणून सेव्ह करा, त्यात अक्षरांचं रूपही ठरवता येते. तिथल्या स्टाइलमध्ये मंगल फाँट, जाड अक्षर, काळी किनार आणि आकार आत्ताच्या दीडपट तरी. मग वाक्यं छाटा. एका ओळीत वीस-बावीस अक्षरं, दोनच्या वर ओळी नाहीत. वहिनी म्हणतील ते सगळं लिहायची गरज नाही. ‘अरे देवा, आता मी काय करू’ हे नटीच्या तोंडावरच दिसते.

वणीकर: व्हिडिओचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारी माहिती, ७०० केबीपीएस ठेवा, ऑडिओचा १२८. तासाला साधारण ३७० एमबी. एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मेमरी कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, पण तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही.

धागाकर्ता: काल रात्री पाच मिनिटांचा तुकडा करून दिला. बाबांनी चष्मा न लावता वाचला! सकाळी म्हणाले, खालच्या ओळीचे पाय कापले जातात, ‘तू’ आहे की ‘त’ ते समजत नाही. हा प्लेअर खालची थोडी पट्टी दाखवतच नाही वाटते.

सीताफळ: त्याच स्टाइलमध्ये उभा मार्जिन, म्हणजे अक्षरांखाली सोडायची जागा, असतो. तो दुप्पट करून अजून एक पाच मिनिटांचा तुकडा पाठवा मचाणावर.