फोर्कलिफ्टची किल्ली हातात दिली, ट्रेनिंग नाही. काय करू?

डिझेल_जालना
११ मार्च २०२४, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. वय २३, मूळचा जालन्याचा, आयटीआय डिझेल मेकॅनिक. चाकणला एका कारखान्यात डिस्पॅचला हेल्पर आहे, कॉन्ट्रॅक्टरमार्फत. आमच्या शिफ्टचा ऑपरेटर बहिणीच्या लग्नाला गावी गेला तो परत आलाच नाही. सुपरवायझर म्हणाले, "फोर व्हीलरचं लायसन आहे ना तुझ्याकडे? मग घे किल्ली." आज पंधरा दिवस झाले, तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट चालवतोय. पगार हेल्परचाच.

आता विचारायचं ते असं. फोर्कलिफ्टला आरटीओचं वेगळं लायसन लागतं का? कधीकधी माल घेऊन रस्ता ओलांडून समोरच्या गोडाऊनला जावं लागतं. भोसरीत एक जण साडेतीन हजारात एका दिवसात सर्टिफिकेट आणि लॅमिनेट केलेलं कार्ड देतो, ते चालतं का? उद्या काही झालं तर अंगावर कोणाच्या येणार, माझ्या की कंपनीच्या? आणि नाही म्हटलं तर गेटपास बंद करतील का, ही भीती आहेच.

मागच्या गुरुवारी वळताना गाडीची मागची बाजू रॅकच्या खांबाला लागली. थोडा वाकलाय, फार नाही. साहेब म्हणाले, ऑडिट होईपर्यंत पुढे पॅलेट लावून ठेव. ते असो, मुख्य प्रश्न लायसनचा आहे.

---

पिंट्या_भोसरी
१२ मार्च, सकाळी ७:०५

भावा, किल्ली दिली म्हणजे प्रमोशन झालं की, पेढे कधी? 😄 मस्करी सोड. आरटीओचं हेवी लायसन काढ, सगळं क्लिअर होतं. आमच्याकडे सगळ्यांकडे तेच आहे.

---

सेफ्टीवाली
१२ मार्च, सकाळी ९:२०

पिंट्यादादा, हेवी लायसनने ट्रक चालवता येतो हे सिद्ध होतं, फोर्कलिफ्ट नाही.

मी रांजणगावला सेफ्टी ऑफिसर आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेल्या खास प्रकारच्या गाडीला मोटार वाहन कायदा १९८८ मोटार वाहन मानतच नाही, कलम २(२८) मध्येच तसं आहे. त्यामुळे गेटच्या आत आरटीओचा संबंध नाही. पण तुम्ही रस्ता ओलांडता म्हणालात, तिथे गोष्ट बदलते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत फोर्कलिफ्ट ट्रक बांधकाम उपकरण वाहनांच्या व्याख्येत नावानिशी आहे. म्हणजे एमआयडीसीचा तो वीस-पंचवीस फुटांचा रस्ता ओलांडायला नोंदणी, विमा, लायसन सगळं आलं. गाडीला नंबर प्लेट आहे का बघा. नसेल तर ते ओलांडणं आजपासून बंद, आणि हे सुपरवायझरना मेसेजवर लिहून कळवा, तोंडी नको.

ट्रेनिंग देणं हे कंपनीचं काम आहे, तुमच्या साडेतीन हजारांचं नाही. आत्ता (२०२४) लागू असलेला कारखाने कायदा १९४८, कलम ७-अ: आवश्यक ती माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवायची जबाबदारी भोगवटादाराची, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याची. कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेला माणूसही त्या कायद्यात कामगारच असतो, त्यामुळे "तो आमचा नाही" हे चालत नाही. आणि कलम १११-अ सहसा कोणी सांगत नाही: सुरक्षेचं प्रशिक्षण मागणं, आणि गरज पडली तर निरीक्षकाकडे म्हणणं मांडणं, हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. इथे निरीक्षक म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे.

एक दिवसाचं कार्ड बेकायदा नाही. पण ते खिशात आहे म्हणून कंपनीची जबाबदारी संपत नाही. ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर मिळालाय का तेवढं आजच तपासा.

---

एडिसनकर
१२ मार्च, सकाळी १०:१५

न्यू जर्सीत वेअरहाउसला आहे. इथेही सरकारी फोर्कलिफ्ट लायसन असा प्रकार नाही. ओशाच्या (इथल्या सरकारी कामगार-सुरक्षा खात्याच्या) नियमाप्रमाणे मालकानेच शिकवायचं, हाताखाली चालवून घ्यायचं, आणि त्याच जागेवर, त्याच प्रकारच्या मशीनवर परीक्षा घ्यायची. दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. मध्ये अपघात झाला किंवा थोडक्यात हुकला तरी उजळणी. मी आधीच्या कंपनीचं कार्ड घेऊन आलो होतो, तरी इथे पहिल्या आठवड्यात रीच ट्रकवर (उंच रॅकसाठीची वेगळी फोर्कलिफ्ट) बसू दिलं नव्हतं. १८ वर्षांखालच्याला तर हातच लावू देत नाहीत.

---

उरणचा_म्हातारा
१२ मार्च, दुपारी ३:३०

पोरा, सगळ्यांनी तुझ्या लायसनचं उत्तर दिलं, आणि तू जे "ते असो" म्हणून टाकून दिलंस ते कोणी वाचलंच नाही. तो वाकलेला खांब. आधी तो.

मी २७ वर्षं फोर्कलिफ्ट चालवली, न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनर यार्डात. शेवटची सहा वर्षं पोरांना शिकवलं. रॅकचा अपराइट, म्हणजे हा उभा खांब, पातळ पत्र्याचा असतो, वजन पेलतो ते सरळ उभा असतो म्हणून. वाकला की ताकद किती उरली ते डोळ्याला कळत नाही. आणि एका अपराइटवर दोन बे, म्हणजे खांबांमधले माल ठेवायचे कप्पे, टेकलेले असतात, डावा आणि उजवा.

तू आयटीआयचा, तुला माप सांगतो. एक मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी घे. आयलकडून, म्हणजे गाडी जायच्या वाटेकडून, उभी लाव, खड्डा पट्टीच्या मध्यावर येईल अशी. पट्टी आणि खांब यांच्यात सगळ्यात जास्त फट कुठे ते बघ, आणि ती ड्रिल बिटांनी मोज. ३ चं जातं का, ६ चं जातं का. युरोपच्या ईएन १५६३५ या रॅकच्या मानकात खांब वाटेकडून रॅकच्या आतल्या बाजूला वाकला असेल तर ३ मिलीमीटरपर्यंत चालतं, बीमच्या (माल पेलणाऱ्या आडव्या पट्टीच्या) दिशेने वाकला असेल तर ५. त्याच्या दुप्पट गेलं की लाल, दोन्ही बे तिथल्या तिथे रिकामे. मधलं असेल तर आहे तो माल उतरला की नवा चढवायचा नाही आणि महिन्याच्या आत दुरुस्ती. हातोड्याने सरळ करायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, खांब बदलायचा. पट्टी लावताना रॅकखाली रेंगाळू नकोस. आणि माल उतरवणार शिकलेला ऑपरेटर, तू नाही. वरच्या लेव्हलपासून खाली.

आता ती मागची बाजू लागलीच कशी, ते सांगतो. कार पुढच्या चाकांनी वळते, ही मागच्या. तू स्टिअरिंग डावीकडे फिरवलंस की ढुंगण उजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरतं. कारवाला पुढे बघून वळतो, म्हणून नवा माणूस पहिल्या महिन्यात ठोकतो तो मागूनच. आणि तुझी तीन टनी म्हणजे नुसती गाडीच चार टनांच्या वर. हळू लागलं तरी चार टन लागतात.

तिला चाकं चार, पण उभी असते तीन पायांवर. मागचा अॅक्सल मधल्या पिनवर डुलतो. दोन पुढची चाकं आणि ती पिन, एवढ्या त्रिकोणाच्या आत वजन आहे तोवर ती उभी. फोर्क वर असताना वळलास की वजन त्रिकोणाच्या कडेला. म्हणून माल घेऊन चालताना फोर्क जमिनीपासून वीतभर, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) मागे झुकवलेला. रॅम्पवर माल नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे उतरताना रिव्हर्सनेच उतरायचं, मान कितीही दुखो.

कपॅसिटी प्लेट वाचलीस का? ३००० किलो लिहिलंय ते ५०० मिलीमीटर लोड सेंटरला, म्हणजे मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून तेवढा पुढे असताना. दोन मीटर लांबीची पेटी टोकाकडून उचललीस तर तिचं मधलं वजन मीटरभर पुढे जातं, तिथे हीच गाडी दोन टनांच्या आसपास थकते. प्लेट घासून गेली असेल तर कंपनीकडून नवीन मागून घे. आमच्याकडे एका गाडीवर मागच्या तोल सांभाळणाऱ्या वजनावर दोन माणसं उभी करून माल उचलायचे, मी पण केलंय ते तरणा असताना. लाज वाटते आता.

२००९ चा पावसाळा. ओल्या यार्डात माझा एक सोबती कागदाचे रोल घेऊन वळला, मास्ट खाली केला नव्हता. गाडी कलली. बेल्ट नव्हता, त्याने उडी मारली. माणूस घाबरून उडी मारतो ती गाडी पडते त्याच बाजूला. डोक्यावरचा लोखंडी गार्ड पायावर आला. पाय वाचला, पण पुढे तो गेटवर बसून पावत्या फाडायचा. कलली तर उतरायचं नाही. बेल्ट लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, पाय रोवलेले, अंग पडण्याच्या उलट बाजूला. हे वाचून जमत नाही, कोणीतरी बसवून घोकून घ्यावं लागतं. म्हणून ट्रेनिंग.

मोजून इथे लिही.

---

डिझेल_जालना
१३ मार्च, रात्री १:१०

काका, मोजलं. ६ चं बिट सुळकन आत गेलं. ८ चं पण. १० चं अडकलं.

आणि त्या दोन बेमध्ये तिसऱ्या लेव्हलला गिअरच्या बिन्स आहेत. मी रोज त्याच्याखालून जातो.

---

उरणचा_म्हातारा
१३ मार्च, पहाटे ५:४५

लाल. दोन्ही बे बंद. दोन्ही बाजूंनी चेन नाहीतर पिवळी पट्टी, आणि आयलमध्ये कोणी जायचं नाही. पट्टी आणि बिट खांबाला लावून फोटो काढ. सुपरवायझरना पाठव, सोबत स्टोअर मॅनेजरला पण, एकाच ग्रुपवर. आज शिफ्टला जाऊन गाडी सुरू करू नकोस.

---

सेफ्टीवाली
१३ मार्च, सकाळी ८:५०

मेसेजचा मजकूर देते, असाच टाका: "रॅकच्या अमुक नंबरच्या खांबाला ७ मार्चला फोर्कलिफ्ट लागली. एक मीटरच्या पट्टीने फट ८ मिलीमीटरपेक्षा जास्त आहे. वर माल आहे. दोन्ही बे रिकामे करावेत. मला फोर्कलिफ्टचं प्रशिक्षण मिळालेलं नाही, ते मिळेपर्यंत मी गाडी चालवू शकत नाही." चूक लपवू नका, तारीख टाका. भाषा साधी ठेवा, कायद्याची कलमं पहिल्याच मेसेजमध्ये नकोत, माणसं बिथरतात.

---

डिझेल_जालना
१६ मार्च, रात्री ९:३०

उशिरा लिहितोय. मेसेज टाकला. सुपरवायझर दोन तास बोलले नाहीत. मग स्टोअर मॅनेजर स्वतः आले, पट्टी माझ्याच हातून लावून घेतली, बिट स्वतः घातलं. काही बोलले नाहीत, फोन काढला. रात्री दुसऱ्या प्लांटचा ऑपरेटर बोलावून बिन्स उतरवल्या, मी लांबून बघत होतो. वरून खाली, एकेक, दोन वाजेपर्यंत. तो फोर्क आत घालायच्या आधी दर वेळी थांबायचा, मान वर करून बघायचा. मी पंधरा दिवसांत एकदाही थांबलो नव्हतो.

किल्ली आता सिक्युरिटीकडे, रजिस्टरला सही केल्याशिवाय मिळत नाही. मला महिनाअखेर ट्रेनिंगला पाठवणार म्हणालेत, कागदावर अजून काही नाही. मी पुन्हा हेल्परच.

एकच राहिलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय खांबाचे पैसे पगारातून कापणार. कापू शकतो का?

---

सेफ्टीवाली
१६ मार्च, रात्री १०:०५

परस्पर नाही. आत्ता (२०२४) लागू असलेल्या वेतन प्रदान कायदा १९३६ प्रमाणे नुकसानीची कपात करायची तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. त्यातही ती कपात तुमच्या ताब्यात सांभाळायला दिलेल्या मालाची, तुमच्याच हलगर्जीने झालेली असावी लागते. कंपनीचा रॅक त्यात बसत नाही. आणि विनाट्रेनिंग किल्ली कोणी दिली हा प्रश्न त्याच सुनावणीत निघेल, हे कॉन्ट्रॅक्टरलाही कळतं. पगाराची स्लिप आली की इथे टाका, नाव-नंबर झाकून.

---

उरणचा_म्हातारा
१७ मार्च, सकाळी ६:१०

ट्रेनिंगला जाशील तेव्हा पहिला तास ते तुला गाडी सुरू करू देणार नाहीत. टायर, फोर्कची टाच (तो वळतो ती जागा), चेन, हायड्रॉलिकची गळती, हॉर्न, ब्रेक, हेच बघायला लावतील. कंटाळू नकोस. डिझेल मेकॅनिक आहेस, त्या तासात तू बाकी पोरांच्या पुढे असशील. फोर्कच्या टाचेला झिजण्याचं माप असतं, दहा टक्के झिजली की फोर्क बाद. तुझ्याच गाडीची मोजून ये जायच्या आधी. कॅलिपर असेलच तुझ्याकडे.