सल्ला हवा: माणसं का सोडून जातात ते कळायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

पातोळी: नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमचा आंबा-काजूचा कारखाना आहे. कायम ४० जण, मार्च ते जून हंगामी ६० आणखी. गेल्या वर्षी कायमपैकी १० जण सोडून गेले. शेठ कुठेतरी 'एचआर अ‍ॅनालिटिक्स', म्हणजे कामगारांच्या नोंदींवरून अंदाज काढणं, असं ऐकून आलेत. म्हणतात, कोण कधी जाणार ते आधी कळलं पाहिजे. पगार, हजेरी, चहापाणी सगळं मीच बघते. बजेट वर्षाला १५ हजार, वर एक रुपया नाही.

लोटे_परशुराम: आमच्या केमिकल कंपनीत दोन वर्षांपूर्वी घेतलं. साडेचारशे माणसं, मोठा डॅशबोर्ड, लाल-पिवळं-हिरवं. कुठल्या शिफ्टला किती ओव्हरटाइम, एका क्लिकवर. खर्च लाखांत, पण वसूल. १५ हजारांत काय येणार?

पातोळी: दादा, ४० माणसं. साडेचारशे नाहीत.

बोंडू_भाजणारा: आधी हजेरीचं मशीन बघा. आम्ही अंगठ्याचं लावलं. काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं टरफलाच्या तेलाने सोललेली, ठसाच उमटेना. रोज सकाळी दारात रांग. महिन्याअखेर अहवाल निघाला, निम्म्या बायका गैरहजर! ज्याने मशीन विकलं तो आता फोन उचलत नाही.

ओरोसचो_झील: गणपतीक कोण कामार रवता? ह्यां कळूक सॉफ्टवेअर कित्याक व्हया?

खेडवाली: गणपतीचं सोडा, शिमग्याला बघा. आमच्याकडे पालखी घरी येईपर्यंत माणूस हलत नाही.

ओरोसचो_झील: शिमगो तुमचो. आमका गणपतीच.

आकडेमोड: विषयावर येऊ या? एक्सेल आहे ना, तेवढं पुरे. वर्षात सोडून गेलेले भागिले सरासरी माणसं गुणिले १००. तुमचे १० भागिले ४०, म्हणजे २५ टक्के. हंगामी माणसं यात घालू नका, नाहीतर दर जूनला ६० जण 'सोडून गेले' दिसतील. त्यांच्यासाठी वेगळा आकडा: मागच्या हंगामातली किती परत आली. मग रकाने करा: गाव, विभाग, मुकादम, रुजू तारीख, सोडल्याची तारीख. पिव्होट टेबल लावा, कुठल्या गावचे, कुठल्या मुकादमाकडचे किती गेले ते एक्सेलच मोजून देतं. पहिल्या तीन महिन्यांत गेले तर भरतीत घोळ, एकाच मुकादमाकडून गेले तर मुकादमात. कोण जाणार याचं भाकीत ४० माणसांवर होत नाही, शेठना स्पष्ट सांगा.

लोटे_परशुराम: आमच्या डॅशबोर्डवर ब्रॅडफर्ड फॅक्टरही येतो, म्हणजे प्रत्येकाच्या खाड्यांचे गुण. खाड्यांचे प्रसंग गुणिले प्रसंग गुणिले एकूण दिवस. दांडीबहाद्दर लगेच सापडतात.

खेडवाली: सापडतात कोण ते बघा. गणपतीला सलग दहा दिवस गेलेल्याचे गुण १०. पोर आजारी म्हणून दहा वेळा एकेक दिवस राहिलेल्या बाईचे १०००. त्यावर मेमो काढायचा?

लोटे_परशुराम: आकडा आकडाच असतो.

खेडवाली: मग मेमोही आकड्यालाच द्या.

मुंबैकर_चाकरमानी: पगार वाढवा. विषय संपला.

आकडेमोड: एक्सेल आहे ना? परत सांगतो. आणि जाताना कारण विचाराल ते शेठसमोर नको. समोर सगळे 'घरची अडचण' सांगतात. महिन्याभराने फोन करा.

सावंतवाडी_७७: मीही हेच म्हणणार होतो, एक्सेल. बाकी पायरीचा पल्प किरकोळीत देता का?

पातोळी: सगळ्यांचे आभार. शेठनी काल चेहरा ओळखणारं मशीन उचललं, बजेट तिथेच संपलं. गावाचा रकाना मात्र मी केला. गेलेल्या दहांपैकी सहा खाडीपलीकडचे, दुसऱ्या पाळीतले. पाळी सुटते तोवर शेवटची एसटी गेलेली असते. शेठना दाखवलं. म्हणाले, गाडी परवडत नाही, मशीन काय सांगतं ते बघू.

बोंडू_भाजणारा: पल्प विभागात बायका टोपी-मास्क लावतात ना? मशीन त्यांना ओळखतं का ते पैसे चुकते करायच्या आधी बघून घ्या.

पातोळी: चुकते केले.