बीटलला ऑइल फिल्टर: माझे दोन पैसे

"जाळी आहे ना, मग फिल्टर कशाला?" असं जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीच्या इंजिनातल्या, ऑइल गाळणाऱ्या जाळीबद्दल एकाने विचारलंय. अहो, ती जाळी म्हणजे चहाची गाळणी! मोठा तुकडा अडतो, बारीक कचरा थेट पंपातून बेअरिंगला. जुन्या बीटलच्या इंजिनात फिल्टर मुळातच नाही, ऑइल जेमतेम अडीच लिटर आणि इंजिन थंड ठेवायचं बरंचसं काम त्याच्याच डोक्यावर.

पंपाच्या कव्हरवर बसणारा फिल्टर स्वस्तात होतो, पण तो खाली लोंबतो. आमच्या वाडीच्या जांभ्याच्या रस्त्यावर मी ती हिंमत केली नाही.

फुल-फ्लो केलं, म्हणजे सगळं ऑइल फिल्टरमधूनच जाईल अशी जोडणी. ऑइल पंपाच्या कव्हरमधून बाहेर, फिल्टरमधून फिरून इंजिनाच्या केसमधल्या (बाहेरच्या कवचातल्या) मुख्य गॅलरीत, म्हणजे ऑइलच्या मुख्य वाटेत, परत. पंपाची मूळ वाट प्लगने बंद. गॅलरीला भोक मारून आटे पाडावे लागतात, आणि ते इंजिन पूर्ण उघडलेलं असतानाच. आमच्या मिस्त्रीने जोडलेल्या इंजिनावरच ड्रिल चालवलं. "ड्रिलला ग्रीस लावलंय, चुरा त्यालाच चिकटेल, काय होत नाय!" पुढच्या वेळी जाळी काढली तर बोटाला धातूचा चमकणारा चुरा. कचरा अडवायला निघालो आणि आपणच आत भरला. इंजिन उघडून धुवावंच लागलं.

बाकी पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली जमणारा पांढरट फेस फिल्टरने जात नाही हो, ते पाणी आहे. गाडी बाजारापुरतीच फिरवत असाल तर अधूनमधून आंबा घाट चढवून आणा, इंजिन नीट तापलं की ते पाणी उडून जातं.