मुद्दाम हरणे आणि संघबांधणी: फरक ओळखायचा कसा?

प्रश्न – पेठेतला प्रेक्षक, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. छत्रपती शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेच्या संघाचे सामने मी लहानपणापासून पाहत आलो आहे. यंदा हंगामाआधी मंडळाने काही अनुभवी खेळाडूंना मोकळे केले, परदेशी खेळाडू आणण्याचा खर्च टाळला आणि त्यांच्या जागी शालेय स्पर्धांमधून वर आलेली मुले उतरवली. अपेक्षेप्रमाणे आम्ही हरतो आहोत. मागच्या सामन्यात बरोबरी असताना उत्तरार्धात आमच्या सर्वांत अनुभवी मध्यरक्षकाला बाहेर बोलावून एका नवख्या मुलाला पाठवले, आणि थोड्याच वेळात लागोपाठ दोन गोल झाले. गॅलरीतून ‘मॅच सोडली’ असा एकच ओरडा सुरू झाला. माझ्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांचे आयुष्य खासबागेतल्या कुस्त्या पाहण्यात गेले आहे, ते तर ‘ही सरळसरळ नुरा आहे’, म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती आहे, असे म्हणाले.

मला ते पटले नाही, पण ठामपणे खोडूनही काढता आले नाही. घरी हा विषय निघाला तेव्हा भाच्याने सांगितले की अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलमध्ये संघ उघडपणे हरण्याचेच धोरण आखतात आणि त्याला पुनर्बांधणी असे नाव देतात. व्यावसायिक संघ खरोखर मुद्दाम हरतात का? आणि हरत असतील, तर प्रामाणिक संघबांधणी आणि मुद्दाम पत्करलेली हार यांच्यातला फरक बाहेर बसलेल्या प्रेक्षकाने ओळखायचा कसा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर – पहाटेचा बास्केटबॉल

दादा, आपल्या भाच्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे, मात्र त्यात एक महत्त्वाचा भेद सुटला आहे. कोर्टवर उतरलेले पाच खेळाडू हरण्यासाठी खेळत नाहीत. त्यांचा पुढचा करार त्यांच्या आकडेवारीवर ठरतो आणि संघाने वरच्या क्रमांकाने घेतलेला नवा खेळाडू बहुधा त्यांच्यापैकीच कुणाची तरी जागा घेणार असतो. हरण्याची सोय होते ती कार्यालयात, म्हणजे कोणाला विकायचे, कोणाला विश्रांती द्यायची आणि कोणाला खेळवायचे हे जिथे ठरते तिथे.

याचे मूळ ड्राफ्टच्या पद्धतीत आहे. नव्या खेळाडूंच्या निवडीत तळाच्या संघांना आधी संधी मिळते. सर्वांत शेवटच्या संघाला पहिली निवड आपोआप मिळू नये म्हणून एनबीएने 1985 मध्ये लॉटरी, म्हणजे निवडीच्या क्रमांकासाठी सोडत, आणली, तरीही पुढे दीर्घकाळ तळाच्या संघाला पहिल्या क्रमांकाची शक्यता 25 टक्के होती. याचा सर्वांत उघड वापर फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सने केला. सॅम हिंकी 2013 मध्ये संघाचे सूत्रधार झाले आणि त्यांनी त्याच वर्षी ऑल-स्टार, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंपैकी एक, ठरलेल्या जरू हॉलिडेला देऊन गुडघ्याच्या दुखापतीमुळे पूर्ण हंगाम बाहेर बसणारा नेर्लेन्स नोएल आणि पुढच्या ड्राफ्टमधली एक निवड घेतली (निवडीचा हा हक्क संघ आपसांत देऊ-घेऊ शकतात). नंतरच्या तीन हंगामांत संघाने 82 पैकी अनुक्रमे 19, 18 आणि 10 सामने जिंकले. त्यातून जोएल एम्बीड मिळाला, तो 2023 मध्ये सर्वोत्तम खेळाडूही ठरला, पण त्या धोरणातून विजेतेपद काही आले नाही. हिंकी तर 2016 मध्येच राजीनामा देऊन गेले होते.

2019 मध्ये नियम बदलला आणि तळाच्या तिन्ही संघांची शक्यता सारखी, म्हणजे प्रत्येकी 14 टक्के झाली. त्याचा परिणाम पाहा: डेट्रॉइट पिस्टन्स 2023 आणि 2024 असे सलग दोन हंगाम सर्वांत खाली राहिले आणि दोन्ही वेळा त्यांच्या वाट्याला पाचवी निवड आली, तर 2025 मध्ये अवघी 1.8 टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिली निवड मिळाली.

याउलट ओक्लाहोमा सिटी थंडर. त्यांनी 2019 मध्ये पॉल जॉर्जला देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर आणि भविष्यातल्या अनेक निवडी घेतल्या, दोन हंगाम भरपूर मार खाल्ला, डिसेंबर 2021 मध्ये मेम्फिसकडून 152-79 असे 73 गुणांनी हरले, आणि 2025 मध्ये विजेते झाले. मी याला खरी बांधणी म्हणतो. परंतु याच संघाने 2021 मध्ये अल हॉरफर्डसारख्या तंदुरुस्त खेळाडूला हंगामाचे कित्येक सामने शिल्लक असताना बाहेर बसवले होते, हेही नोंदवले पाहिजे. एकाच संघात, एकाच हंगामात दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. म्हणून ‘हा संघ बांधणी करतो आहे की हरतो आहे’ असे एका शब्दात उत्तर मागू नये. निर्णय एकेक करून तपासावा लागतो.

उत्तर – मैदानावरचा प्रशिक्षक

मी कोल्हापुरातच मुलांना फुटबॉल शिकवतो, म्हणून आपल्या गॅलरीतल्या प्रसंगाबद्दलच लिहितो.

मुद्दाम हरण्यातून काहीतरी मिळाले पाहिजे, तरच कोणी हरेल. आपल्याकडे ड्राफ्ट नाही. तळाला राहिलेल्या संघाला चांगला खेळाडू बक्षीस मिळत नाही, उलट खालच्या गटात जाण्याची टांगती तलवार असते. वर्गणी देणारी माणसे, तालमीचे जुने कार्यकर्ते, पेठेतली पोरे, सगळी नाराज होतात, आणि पुढच्या वर्षी मदत मागायला गेल्यावर दार उघडत नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही शेवटचे तीन संघ खाली जातात, त्यामुळे तिथे कमकुवत संघ शेवटच्या सामन्यापर्यंत जीव तोडून खेळताना दिसतात. जिथे खालचा क्रमांक शिक्षा आहे, तिथे हरण्याचे धोरण कोणाला परवडत नाही.

आता त्या बदलीकडे या. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा शालेय स्पर्धेतून वरिष्ठ गटात येतो तेव्हा त्याच्या पायात चेंडू असतो, पण मानेला वळण नसते. तो चेंडूकडे पाहत राहतो आणि पाठीमागून आत शिरणारा गडी त्याला दिसतच नाही. मध्यरक्षकाच्या जागेवर ही उणीव फार महाग पडते, कारण त्याच्या मागे थेट बचावफळी उघडी होते. आपण वर्णन केलेले दोन गोल मी पाहिलेले नाहीत, पण नवखा मध्यरक्षक उतरल्यावर लागोपाठ गोल बसणे यात कट शोधण्याची गरज नाही. ती सवय सरावात लागत नाही. भरलेल्या स्टेडियममध्ये, बरोबरीच्या सामन्यात, अंगावर येणाऱ्या अनुभवी खेळाडूसमोरच ती लागते, आणि ती लागेपर्यंत संघ गोल खातो. जो प्रशिक्षक सामना हातातून गेल्यावरच मुलांना उतरवतो, तो त्यांना शिकवत नाही, केवळ वेळ भरून काढतो. बरोबरी असताना मुलावर भरवसा टाकणे हे मला तरी धाडसाचे लक्षण वाटते.

एक गोष्ट मात्र मंडळांनी मनावर घ्यावी. अशा वेळी हंगामाच्या सुरुवातीलाच पेठेला विश्वासात घेतले पाहिजे. ‘यंदा आम्ही पोरांना खेळवणार आहोत, दोन वर्षे सांभाळून घ्या’ एवढे सांगितले तरी कोल्हापूरचा प्रेक्षक समजून घेतो. काहीच न बोलता संघ बदलला की संशयाला जागा मिळते, आणि त्या ओरड्याचा घाव त्या मुलाच्या मनावर बसतो, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांवर नाही.

उत्तर – लाल माती

प्रशिक्षकांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु खेळाडू कधीच मुद्दाम हरत नाहीत, हे पहिल्या उत्तरातले विधान इतर खेळांना लावता येणार नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरीच्या बॅडमिंटनमध्ये चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक अशा चार जोड्या अपात्र ठरल्या, कारण बाद फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून त्या गटातला सामना हरण्याचा प्रयत्न करत होत्या. सर्व्हिस जाळ्यात मारणे, साधे फटके बाहेर घालवणे हे सगळे प्रेक्षकांसमोर चालले होते आणि लोक हुर्यो उडवत होते. 1982 च्या फुटबॉल विश्वचषकात स्पेनमधल्या गिहोन शहरात पश्चिम जर्मनीने सुरुवातीलाच ऑस्ट्रियाविरुद्ध गोल केला. 1-0 हा निकाल दोघांनाही पुढे नेणारा होता, म्हणून उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालवला आणि अल्जीरिया बाहेर गेला. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करण्याची पद्धत आली.

म्हणून आपल्या शेजारच्या गृहस्थांना सांगा की नुरा कुस्तीला दोन्ही पैलवानांची संमती लागते. गिहोनचा सामना त्या जातीचा होता. बॅडमिंटनमध्ये त्या लढती झाल्या तेव्हा कोणाशी संगनमत करण्याची गरजच नव्हती. सामन्यातल्या दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे हार हवी होती. एनबीएमध्ये समोरचा संघ पूर्ण जोर लावून जिंकायलाच आलेला असतो, आणि दुबळेपणा एका बाजूने ठरवून घेतलेला असतो. आणि आपल्या पेठेच्या सामन्यात यांपैकी काहीही दिसत नाही. तिन्हींना एकच नाव दिले की निष्पाप मुले आणि सामना विकणारे लोक एका रांगेत उभे राहतात, आणि हे मला फार अन्यायाचे वाटते.

उत्तर – राजारामपुरी

क्रिकेटचे उदाहरण अजून कोणी दिलेले नाही. आयपीएलमध्ये तळाच्या संघाला लिलावात कोणतेही विशेष प्राधान्य नाही, त्यामुळे शेवटचे स्थान मिळवण्यात काही फायदा नसतो. 2025 मध्ये चेन्नई सुपर किंग्ज प्रथमच गुणतक्त्यात शेवटी राहिले. आव्हान संपत आलेले असताना त्यांनी आयुष मात्रे, डेवाल्ड ब्रेव्हिस, उर्विल पटेल यांना खेळवले. सतरा वर्षांच्या मात्रेने बंगळूरविरुद्ध 94 धावा केल्या. शेवटच्या साखळी सामन्यात याच तळाच्या संघाने गुजरात टायटन्सला 83 धावांनी हरवले आणि गुजरातचे पहिल्या दोनांतले स्थान गेले. हरण्यातून काही मिळत नसेल तर तळाचा संघही असा खेळतो, आणि नव्या मुलांना संधी देणे व सामना जिंकण्याचा प्रयत्न करणे या दोन गोष्टी एकत्र होऊ शकतात.

पेठेतला प्रेक्षक

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः प्रशिक्षकांनी मध्यरक्षकाच्या जागेबद्दल जे लिहिले ते वाचून त्या दोन गोलांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे. दोन्ही वेळा त्या मुलाच्या पाठीमागूनच गडी आत शिरला होता. एकच शंका उरते. एनबीएमध्ये नियम मोडला आहे हे व्यवस्थापन तरी कशावरून ठरवते? आणि आपल्या पातळीवर आम्ही मंडळाला नेमके काय विचारावे?

पहाटेचा बास्केटबॉल

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 2023 च्या डॅलस मॅव्हरिक्स प्रकरणात मिळते. हंगामाचे दोन सामने बाकी होते आणि पुढे जाण्याची शक्यता अजून पूर्ण मावळलेली नव्हती. तरीही शिकागोविरुद्ध त्यांनी कायरी अर्विंगसह अनेक प्रमुख खेळाडू उतरवले नाहीत आणि लुका डॉन्चिचला दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच बाहेर घेतले. पुढच्या ड्राफ्टमधली त्यांची निवड पहिल्या दहा क्रमांकांबाहेर गेली असती तर आधीच्या एका व्यवहारानुसार ती न्यूयॉर्ककडे जाणार होती, त्यामुळे हेतू उघड होता. एनबीएने साडेसात लाख डॉलर दंड केला. पण त्यांनी ती निवड राखली, ड्राफ्टच्या दिवशी तिच्या व्यवहारातून डेरेक लाइव्हली मिळवला आणि पुढच्याच वर्षी ते अंतिम फेरीत खेळले. दंडाची रक्कम अशा लाभापुढे किरकोळ ठरते, आणि माझ्या मते नियमातली खरी उणीव इथेच आहे. खेळाडू तंदुरुस्त असताना न सांगता बाहेर बसला आणि त्याच वेळी हरण्यातून संघाला ठोस लाभ होत होता, या दोन गोष्टी एकत्र आल्या की संशय रास्त ठरतो. यांपैकी एकच दिसत असेल तर थांबावे.

मैदानावरचा प्रशिक्षक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी सांगतो. मंडळाच्या बैठकीला जा आणि आवाज न चढवता विचारा, की या मुलांना किती हंगाम देणार आहात आणि मोकळ्या केलेल्या खेळाडूंवरचा वाचलेला खर्च कुठे वापरला. तो पैसा सराव, बूट, प्रवास, एखादा चांगला गोलरक्षक प्रशिक्षक यांवर गेला असेल तर काम योग्य दिशेने चालले आहे असे समजा. तो कुठेच दिसत नसेल, तर आपल्याकडे मुद्दाम हरणे नव्हे, निव्वळ काटकसर चालली आहे, आणि त्याबद्दल जाब विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. बाकीचे पुढच्या हंगामाच्या खेळाडू नोंदणीत कळेल. यंदा मार खाल्लेल्या मुलांची नावे त्या यादीत पुन्हा असतील, तर त्यांना शिकवण्यासाठीच खेळवले होते. ती सगळी गाळून दुसरी स्वस्तातली मुले आणलेली असतील, तर मलाही बैठकीला बोलवा, मी येईन.