उबुंटू लिनक्स २४.०४ केल्यापासून एमपीव्ही (व्हिडिओ प्लेअर) उघडेना, स्वतः कंपाइल केलेला एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ रूपांतराचं टूल) नडतोय का?

सुरवंट_९
मंडळी मदत करा. २२.०४ वर एफएफएमपेग ६.० सोर्समधून टाकला होता, कारण मला एफडीके-एएसी (एएसी ऑडिओचा एन्कोडर) पाहिजे होतं आणि लायसन्सच्या भानगडीमुळे उबुंटूच्या पॅकेजात ते नसतं. मस्त चालू होतं सगळं. काल रात्री २४.०४ ला अपग्रेड केलं आणि आता एमपीव्ही टर्मिनलमधून चालवला की 'सिम्बॉल लुकअप एरर' देऊन मरतो. एपीटीने (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) एमपीव्ही आणि एफएफएमपेग दोन्ही रीइन्स्टॉल केले, दोनदा, ढिम्म फरक नाही. फॉरमॅट मारू का सरळ?

टर्मिनलवेडा
फॉरमॅट कशाला रे, थांब जरा. एमपीव्हीवर एलडीडी (प्रोग्राम कुठली लायब्ररी कुठून घेतो ते दाखवणारी कमांड) चालवून बघ, लिबएव्हीकोडेक (एफएफएमपेगची लायब्ररी) कुठून उचलतोय? आणि कॉन्फिगर करताना एनेबल-शेअर्ड (बाकीचे प्रोग्रामही वापरू शकतील अशा वेगळ्या लायब्ररी बनवणारा ऑप्शन) दिलं होतंस का?

सुरवंट_९
दिलं होतं, कुठूनतरी कॉपी केलेली कमांड होती :) यूएसआर-लोकल-लिब (सोर्समधून टाकलेल्या लायब्ररींचा फोल्डर) दाखवतोय.

टर्मिनलवेडा
मग सापडला चोर. २२.०४ मध्ये एफएफएमपेग ४.४, त्याची लिबएव्हीकोडेक ५८ नंबरची आणि तुझी ६०, म्हणून दोघी गुण्यागोविंदाने नांदल्या. २४.०४ मध्ये आलाय ६.१ आणि त्याचाही नंबर ६०च! लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणारा) यूएसआर-लोकलमध्ये आधी बघतो, तिथे ६० दिसली की तीच उचलतो, आता ६.१ मधली नवी फंक्शन्स तुझ्या ६.० मध्ये कुठून येणार. आणि एपीटी यूएसआर-लोकलला हातच लावत नाही त्यामुळे रीइन्स्टॉल शंभरदा कर, काही होणार नाही. जुन्या सोर्स फोल्डरमध्ये जाऊन सुडो मेक अनइन्स्टॉल, मग सुडो एलडीकॉन्फिग, म्हणजे लोडरची लायब्ररींची यादी ताजी होईल.

सुरवंट_९
फोल्डर कधीच उडवलाय 🙈

कोकणी_कर्नल
सगळेच उडवतात. ६.० चाच टारबॉल (सोर्सची फाइल) परत उतरव, तेच ऑप्शन देऊन कॉन्फिगर कर आणि मेक अनइन्स्टॉल मार, परत कंपाइल करत बसू नकोस. एफडीके हवंच असेल तर पुढच्या वेळी शेअर्ड न देता बिल्ड कर आणि प्रीफिक्स (इन्स्टॉलची जागा) ऑप्टमधल्या वेगळ्या फोल्डरचा दे, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांना त्याचा वाराही लागत नाही. चेकइन्स्टॉल या टूलने डेब (उबुंटूची पॅकेज फाइल) बनव असं कोणीतरी सांगेलच, पण ती त्याच नावाची केलीस तर अपग्रेडमध्ये वरून रिपॉझिटरीवाली बसते आणि होल्ड लावलास (म्हणजे ते पॅकेज बदलू नको असं एपीटीला सांगितलंस) तर अपग्रेडच अडतं, मी दोन्ही भोगलंय.

सुरवंट_९
झालं झालं, एमपीव्ही चालला! एफएफएमपेग कमांड मात्र 'नो सच फाइल' म्हणत होती, परत घाबरलो.

टर्मिनलवेडा
बॅशला (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) कमांडचा जुना पत्ता पाठ असतो. तो विसरायला हॅश मायनस आर मार, नाहीतर टर्मिनल बंद करून उघड.