तुमची पट्टी कोणती? हौशी गाणाऱ्यांचे अनुभव

परवा भाची पेटी घेऊन बसली होती. तिने सहज विचारले, "मावशी, तुझी पट्टी कोणती? मी तिथेच सूर धरते." पट्टी म्हणजे पेटीची जी पट्टी 'सा' धरून आपण गातो ती. मला उत्तर देता आले नाही, आणि शाळेतल्या एका स्पर्धेची आठवण एकदम वर आली. त्या दिवशी पेटीवाल्यांनी माझ्या आधी गायलेल्या मुलीचाच सूर, काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी), मला दिला होता. ध्रुवपद निभावले, पण अंतऱ्यात तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'पर्यंत, जायचे होते, तिथे आवाज चिरकला. "हिचा आवाज गाण्याचा नाही," हे तेव्हा ऐकलेले वाक्य मी पुढे तीस वर्षे खरे मानून चालले. चूक आवाजाची होती की पट्टीची, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. ज्यांनी आपला आवाज उशिरा का होईना ओळखला, त्यांनी तो कसा ओळखला हे कृपया सविस्तर लिहावे.

*

माझी काळी एक. ती सापडेपर्यंत मी आवडत्या गायकांच्या पट्टीत, म्हणजे पांढरी चारमध्ये, मानेच्या शिरा ताणून गात असे. पट्टी शोधायची रीत साधी आहे. ज्या षड्जावरून ('सा'वरून) खाली मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला 'प') नुसता फुसफुसत न येता स्पष्ट ऐकू येतो आणि वर तार मध्यमापर्यंत (वरच्या 'म'पर्यंत) हनुवटी न उचलता जाता येते, तो आपला षड्ज समजावा. काळी एकच्या मध्य षड्जाला पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात आणि तार षड्जाला त्याच्या दुप्पट. हे कळल्यावर माझा एक मोठा गैरसमज गेला. वरच्या स्वरासाठी तंतू ताणले जाऊन पातळ व्हावे लागतात. आपण मात्र तिथे जास्त हवा आणि जास्त जोर लावतो, आणि त्यामुळेच आवाज फुटतो.

एक विनंती आहे. पट्टी पेटीवर शोधावी, पण रियाज तानपुऱ्यावर करावा. पेटीचा शुद्ध गंधार, एका अर्धस्वराचे (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे) १०० भाग केले तर, तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो. पेटीची सवय झालेल्या कानाला हा फरक बराच काळ जाणवत नाही.

*

ताई, "हिचा आवाज गाण्याचा नाही" हे वाक्य वाचून वाईट वाटले. माझ्या बाबतीत तसे कोणी बोलले नाही, मीच स्वतःला बोलत होते. फोनवर ध्वनिमुद्रण करायचे, ऐकायचे आणि पुसून टाकायचे, असे कित्येक महिने चालले. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, आणि हाडांतून येणाऱ्या आवाजात खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, भाग अधिक असतो. म्हणून मुद्रित आवाज परका आणि पातळ वाटतो, हे समजल्यावर मी पुसणे थांबवले. महिनाभराची मुद्रणे ओळीने ऐकली, तेव्हा दिसले की मी सर्वत्र बेसूर नव्हते. ओळीचा शेवटचा स्वर तेवढा उतरत होता, आणि तोही फक्त लांब ओळींत. म्हणजे उणीव कानाची नव्हती, श्वासाची होती.

*

श्वासाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. "पोटातून गा" या सल्ल्याने माझी दोन वर्षे गेली, कारण मी पोट आवळून गात होतो. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, श्वास घेताना आकुंचन पावून खाली जाते. गाताना ते हळूहळू सैल होत वर येते. आपल्याला करायचे असते ते एवढेच, की बरगड्या एकदम मिटू द्यायच्या नाहीत. मी दोन्ही हात बरगड्यांवर ठेवून "स्स्" असा एकसारखा आवाज काढत असे. सुरुवातीला १२ सेकंदांत दम संपायचा, आणि शेवटी हातांखाली बरगड्या धपकन खाली आल्याचे कळायचे. आता २५ सेकंद होतात, आणि मुख्य म्हणजे तो शेवटचा धक्का बसत नाही.

*

मी शिक्षिका आहे. दिवसभर वर्गात बोलून संध्याकाळी गाण्याचा सराव करत असे. आवाज बसला, तर मी सतत खाकरून घसा साफ करायचे आणि विश्रांती म्हणून कुजबुजत बोलायचे. या दोन्ही सवयींनी घशावर ताणच येत होता, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून तपासल्यावर समजले. स्वरतंतूंवर गाठी होत्या. शस्त्रक्रिया न करता वाणीउपचारांनी त्या ओसरल्या, परंतु चार महिने लागले. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कृपया घरगुती उपायांत वेळ घालवू नका. उपचारांत मला सर्वांत उपयोगी पडला तो नळीचा व्यायाम.

*

नळीचा व्यायाम म्हणजे नेमके काय? माझाही घसा दुपारनंतर कोरडा पडतो.

*

पेल्यात थोडे पाणी घ्यावे, त्यात नळी दोन बोटे बुडवावी आणि नळीतून "ऊ" असा स्वर धरून बुडबुडे काढावेत. गाल सैल हवेत. तोंडाशी थोडा अडथळा आल्याने मागे दाब तयार होतो आणि स्वरतंतू एकमेकांवर जोराने न आपटता सहज कंप पावतात. खालून वर आणि वरून खाली असा सूर घसरवत पाच मिनिटे पुरतात. कोरडेपणासाठी दिवसभर थोडेथोडे पाणी प्यावे. गाण्याच्या आधी एकदम प्यायलेले पाणी स्वरतंतूंवरून जातच नाही, ते अन्ननलिकेतून जाते.

*

माझे वय ६४. रजोनिवृत्तीनंतर आवाज जाड झाला आणि काळी पाचमध्ये गायलेली गाणी जड जाऊ लागली, तेव्हा मी गाणे थांबवले. पुढे एका मैत्रिणीने पांढरी पाचवर तानपुरा लावून दिला. मंद्रात इतका भरीव आवाज मला तरुणपणी कधीच नव्हता. आता रोज पहाटे अर्धा तास खर्ज लावते, त्याच्यापुढे घाई करत नाही.

*

सर्वांचे मनापासून आभार. काल भाचीला सोबत घेऊन मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत एकेक पट्टी तपासली. माझी काळी चार निघाली, म्हणजे मधली पांढरी धरून तेव्हाच्यापेक्षा फक्त दोन पट्ट्या खाली. मग तेच गाणे म्हटले. अंतऱ्यापूर्वी नकळत हनुवटी वर जाऊ लागली, भाचीने बोटाने ती खाली केली, आणि गंधार आला. रात्री मुद्रण ऐकले तेव्हा तो किंचित चढा असल्याचे जाणवले. उद्या सकाळी पेटी बंद ठेवून तानपुऱ्यावर तेवढा एकच स्वर घेणार आहे.