'स्टेट रेसिडेन्सी'ला काय म्हणावे? अधिवास, रहिवास की वास्तव्य?

गोदाकाठ:
आमच्या मंडळासाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. लग्न होऊन नव्याने अमेरिकेत आलेल्या मुलींना ड्रायव्हिंग लायसन्स कसे काढायचे ते सांगायचे आहे. गाडी एका जागी अडली आहे. लायसन्ससाठी 'स्टेट रेसिडेन्सी' सिद्ध करावी लागते, त्याचे मी 'राज्याचा अधिवास सिद्ध करणे' असे केले. नवरा म्हणतो, हे वाचून लोक घाबरतील. मग 'रहिवासी दाखला' म्हणू का? आम्ही कॅलिफोर्नियात असतो, पण पत्रक टेक्सासलाही जाणार आहे.

कारकून:
नवरोबांचे ऐका, अधिवास नको. महाराष्ट्रात अधिवास म्हटले की डोळ्यांपुढे येते ते 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र', त्यासाठी लागणारे १५ वर्षांचे वास्तव्य आणि प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर लागलेली रांग. काल विमानातून उतरलेल्या मुलीने ते कुठून आणायचे?

कायद्यातही अर्थ वेगळा आहे. जिथे कायमचे राहायचा इरादा तो अधिवास. घरे चार असली तरी अधिवास एका वेळी एकच. गंमत अशी, की 'महाराष्ट्राचा अधिवास' हा आपला प्रयोगसुद्धा ढिलाच. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच सांगितले की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्ये हा शब्द कायम वास्तव्याच्या अर्थाने वापरतात, इतकेच. जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांच्या निकालात न्यायालयाने हेच पुन्हा बजावले. फॉर्मवरचा शब्द काही हलला नाही.

ओसरी:
'दाखला'ही नको. दाखला कोणीतरी देतो. ग्रामपंचायत देते, तलाठी देतो, नाहीतर नगरसेवकाच्या लेटरहेडवर मिळतो. अमेरिकेत राहण्याचा असा एकगठ्ठा दाखला देणारे ऑफिस नाही, आणि तुमची वाचक पहिला प्रश्न विचारणार, "तो मिळतो कुठे?" तिथे आपणच कागद जमवायचे असतात: घराचे लीज, लाइटबिल, बँकेचे स्टेटमेंट. तेव्हा शब्द 'पुरावा'.

आणि रहिवासी हा माणूस, रहिवास ही त्याची स्थिती. 'रहिवासी पुरावा' सर्रास लिहितात, माझ्या कानाला तो खटकतो. 'रहिवासाचा पुरावा' म्हणा.

टेक्सासवासी:
रहिवास बोलतो कोण हो? मी सरळ 'राहत्या पत्त्याचे दोन पुरावे' लिहीन. काउंटरवर मागतात तेही हेच. लायसन्स आणि ओळखपत्रांसाठीच्या २००५ च्या अमेरिकेतल्या रिअल आयडी कायद्याखालचे केंद्राचे नियम बघा. नाव आणि मुख्य निवासाचा पत्ता असलेले किमान दोन कागद मागितले आहेत. मुख्य निवासाची व्याख्या काय, तर माणूस सध्या राहतो ते ठिकाण, मग तो पत्ता तात्पुरता का असेना. सहा महिन्यांच्या लीजवरचे अपार्टमेंटही चालते. अधिवासाच्या अगदी उलटे टोक!

'राहता' हा शब्द मात्र गाळू नका. टपाल येते तो पत्ता वेगळा असू शकतो, आणि पोस्टातली भाड्याची पेटी इथे चालत नाही. पत्रकात हेही घाला, की लीज आणि बिले नवऱ्याच्या नावावर असली तर कॅलिफोर्नियात विवाहाचे प्रमाणपत्र जोडून तेच कागद दाखवता येतात. निम्म्या मुलींची अडचण इथेच असते.

गोदाकाठ:
राहता पत्ता आवडला. पण एका वाक्यात तो बसत नाही. कॅलिफोर्नियाचा नियम आहे की रेसिडेन्सी सुरू झाल्यापासून १० दिवसांत लायसन्स घ्यायचे. 'राहता पत्ता सुरू झाल्यापासून' कसे म्हणू?

कारकून:
तिथे 'राज्याचे रहिवासी झाल्यापासून'. तिथे मुद्दा पत्त्याचा नाही, तुम्ही कोण याचा आहे. मतदान करणे, कॉलेजात रहिवाशांच्या दराने फी भरणे, घराच्या मालमत्ता करात घरमालकाची सूट घेणे, अशा गोष्टींवरून ते राज्य तुम्हाला रहिवासी धरते. सहा महिने नातवाला बघायला आलेले सासरे रहिवासी नव्हेत, ते मुक्कामाला आले आहेत. अशा १८ वर्षांवरच्या पाहुण्याला कॅलिफोर्नियात भारतातल्या चालू लायसन्सवर गाडी चालवता येते. सून त्याच घरात राहते, पण तिला १० दिवसांची मुदत. रहिवास आणि मुक्काम हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर पत्रकाचे अर्धे काम झाले.

टेक्सासवासी:
आमच्याकडे नव्या रहिवाशाला ९० दिवस मिळतात. शिवाय राज्यात ३० दिवस राहिल्याचे दाखवावे लागते. दुसऱ्या राज्याचे चालू लायसन्स जमा केले तर ती अट नाही. इथे मात्र मी 'वास्तव्य' म्हणेन. वास्तव्याला दिवस मोजता येतात. 'पत्ता ३० दिवसांचा' म्हटले तर दुधाच्या रतिबासारखे वाटते.

ओसरी:
मान्य. 'निवासी' मात्र कटाक्षाने टाळा. निवासी डॉक्टर आणि निवासी शाळा यांत तो अडकला आहेच, वर 'अनिवासी भारतीय' आहे. एच-वन व्हिसावरचा एखादा मुलगा घ्या. पुण्याच्या बँकेत तो अनिवासी. व्हिसाच्या कागदावर नॉन-इमिग्रंट. १८३ दिवसांच्या हिशेबात बसला की अमेरिकेच्या करखात्याला रेसिडेंट. आणि डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याच्या, खिडकीवर राज्याचा रहिवासी. चारही एकाच वेळी खरे! 'निवासी असल्यास' एवढेच छापलेत तर तो तुम्हालाच फोन करील.

गोदाकाठ:
मग असे करते: "राज्याचे रहिवासी झाल्यावर मुदतीत लायसन्स काढावे लागते (कॅलिफोर्नियात १० दिवस, टेक्सासात ९०). त्यासाठी स्वतःचे नाव व राहता पत्ता असलेले दोन पुरावे न्यावेत. टेक्सासात ३० दिवसांच्या वास्तव्याचा पुरावाही लागतो. दुसऱ्या राज्याचे चालू लायसन्स जमा केल्यास ही अट नाही." नवऱ्याच्या कागदांचे वाक्य याखाली येईल. लायसन्सला 'वाहन चालवण्याची अनुज्ञप्ती' करायचे का?

कारकून:
अनुज्ञप्ती आरटीओच्या फायलीत सुखाने नांदू द्या. लायसन्सच ठेवा.